गिळता येत नाही की बोलता येत नाही? एका डिस्चार्ज समरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शन कंपनीतलं हे प्रकरण आहे. कंपनी, हॉस्पिटल, डॉक्टर, पेशंट यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत किंवा बदलले आहेत. मी तेव्हा क्वालिटी विभागात होते आणि चौकशीत पहिल्यापासून बसले होते.

हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतले बरेच डॉक्टर पेशंट तपासला, ऑपरेशन केलं किंवा घरी सोडलं की त्याचा अहवाल बोलून रेकॉर्ड करतात. ती व्हॉइस फाईल इकडे येते. पूर्वी कानाला हेडफोन, पायाखाली फूट पेडल आणि समोर कोरी स्क्रीन असायची. आता आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर आधी एक ड्राफ्ट करून देतं आणि माणसाने तो ऐकत ऐकत दुरुस्त करायचा असतो. पैसे ओळीवर मिळतात, ओळ म्हणजे मधल्या मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं. ड्राफ्ट दुरुस्तीचा दर कोऱ्या टायपिंगपेक्षा कमी असतो. म्हणजे पूर्वीइतकाच पगार घरी न्यायचा तर हात बराच जास्त वेगाने चालवावा लागतो.

आणखी एक नियम इथेच सांगायला हवा, कारण सगळं प्रकरण त्यावर फिरतं. शब्द कळला नाही तर त्या जागी ब्लँक सोडायचा. ब्लँक असलेला रिपोर्ट आधी क्यूएकडे, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या टीमकडे जातो, तिथे दुसरा कान तो ऐकतो. ब्लँक नसेल तर रिपोर्ट थेट हॉस्पिटलला. कागदावर उत्तम व्यवस्था. पण दर महिन्याच्या गुणपत्रकात प्रत्येकाने किती ब्लँक सोडले तेही मोजलं जायचं आणि ब्लँक जास्त झाले की इन्सेंटिव्ह कमी व्हायचा.

ज्यांच्या हातून चूक झाली त्यांना इथे ताई म्हणते, ऑफिसातही सगळे तेच म्हणत. ताई सांगली जिल्ह्यातल्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग झूऑलॉजीत बीएस्सी, नंतर पुण्यात येऊन ट्रान्सक्रिप्शनचा कोर्स. ऑर्थोपेडिक आणि कार्डिओलॉजीच्या फाइल्स त्यांनी वर्षानुवर्षं केल्या होत्या. नव्या मुलींना कुठे अडलं की त्या हेडफोन घेऊन ताईंच्या टेबलापाशी जात. इंग्रजी बोलताना ताई अडखळायच्या, पण त्यांच्या लिखाणात व्याकरणाची चूक सापडणं मुश्कील. प्रकरण घडलं तेव्हा न्यूरॉलॉजीचं नवं अकाउंट त्यांच्याकडे येऊन थोडे महिने झाले होते.

घडलं काय

फाईल डिस्चार्ज समरीची होती. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, स्ट्रोक आलेला, शरीराची उजवी बाजू कमजोर झालेली. डॉक्टर भराभर बोलणारे, वाक्याचा शेवट खाणारे. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य आलं की पेशंटला अमुक त्रास असल्याने स्पीच थेरपीकडून तपासणी करून घेतली. या ‘अमुक’च्या जागी सॉफ्टवेअरने डिस्फेझिया लिहिलं होतं, ‘एस’ घालून. ताईंनी पेडल दाबून ते वाक्य पुन्हा ऐकलं, शब्द तसाच ठेवला आणि पुढे गेल्या. शेवटी निदानांच्या यादीत तोच शब्द परत आला, तिथेही तसाच राहिला. रिपोर्टात ब्लँक नव्हता, तो थेट हॉस्पिटलला गेला.

सही करण्याआधी डॉक्टरांनी वाचला म्हणून बरं. त्यांनी दोन्ही ठिकाणी ‘एस’ खोडून ‘जी’ केला आणि सोबत कडक शब्दांत तक्रार पाठवली.

‘जी’ असलेला डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास. ‘एस’ असलेला डिस्फेझिया म्हणजे भाषेचा त्रास: शब्द न सुचणं, समोरच्याचं बोलणं न कळणं. पहिला शब्द ग्रीकमधल्या खाण्याच्या क्रियापदावरून आलेला, दुसरा बोलण्याच्या. दोन्ही तक्रारी स्ट्रोकनंतर नेहमी दिसतात आणि एकाच पेशंटला दोन्ही असू शकतात. हॉस्पिटलमधून सुटलेला पेशंट पुढे नर्सिंग होममध्ये जातो तेव्हा तिथली मंडळी हीच समरी वाचून त्याची देखभाल करतात. गिळायला त्रास आहे हे तिथे कळलं नाही आणि कुणी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, तर पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आमच्या वर्गवारीत ही चूक ‘क्रिटिकल’ धरली जाते आणि एका क्रिटिकल चुकीने महिन्याचा स्कोअर कोसळतो.

ताईंचं डोकं कसं चाललं

टीम लीडने ताईंना केबिनमध्ये बोलावलं. त्याचा पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनातलाच होता: “ताई, तुमच्यासारख्या सीनियर माणसाला या दोन शब्दांतला फरक माहीत नाही असं कसं?”

“फरक माहीत आहे सर,” ताई म्हणाल्या. “तुम्ही फाईल लावा. मला आत्तासुद्धा तोच शब्द ऐकू येतोय.”

फाईल लावली. टीम लीडने ऐकली, मी ऐकली. खरं सांगायचं तर ड्राफ्टवर ‘एस’ दिसत असताना ‘एस’च ऐकू येत होता. डोळ्यासमोर लिहिलेलं असलं की कान त्याच्या मागे जातो.

मग ताईंनी त्या शब्दापाशी काय विचार केला ते सांगितलं आणि तो विचार चांगला होता. उजवी बाजू कमजोर, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रं डाव्या बाजूलाच असतात. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णावरून मेंदूतल्या वाचेच्या केंद्राची जागा दाखवली तो कोर्समध्ये सगळ्यांनीच वाचलेला असतो. त्यात वाक्यात स्पीच थेरपी आलेली. डावा मेंदू, स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचा त्रास. सरळ गणित.

फक्त एक दुवा निसटला. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत गिळण्याची तपासणीही स्पीच थेरपिस्टच करतात. म्हणजे ज्या शब्दाचा ताईंनी पुरावा म्हणून आधार घेतला तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता.

निकाल देणारे पुरावे खाली होते. चार परिच्छेदांनंतर तपासणीच्या भागात लिहिलं होतं की पेशंट वस्तूंची नावं बरोबर सांगतो आणि वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणून दाखवतो. भाषेचा त्रास असलेला माणूस हे सहसा करू शकत नाही. आणि अगदी शेवटी, डिस्चार्जच्या सूचनांमध्ये, मऊ आहार, दाट केलेले पातळ पदार्थ, घास गिळताना हनुवटी खाली घ्यायची, असं सगळं स्पष्ट होतं. हे ताईंनीच ऐकलं होतं, त्यांनीच तपासून पुढे पाठवलं होतं. पण फाईल वरून खाली ऐकत जायची असते. तळाला पोचल्यावर पुन्हा वर जाऊन आधीचा शब्द बदलायचा, हे ओळीवर पैसे मिळणाऱ्या कामात आपोआप होत नाही.

ब्लँक का सोडला नाही, या प्रश्नाला उत्तर आलं: “त्या महिन्यात माझे ब्लँक आधीच वाढलेले होते.” यावर केबिनमध्ये कुणी काही बोललं नाही. मला मात्र तिथेच वाटलं की प्रकरणाची मुळी इथे आहे, डिस्फेजियात नाही.

ऑडिटमध्ये काय दिसलं

ताईंच्या मागच्या काही आठवड्यांच्या फाइल्स काढून पुन्हा ऐकल्या. औषधांचे डोस, तारखा, व्याकरण, सगळं ठीक. चुका एका जागी गोळा झाल्या होत्या: ऐकायला सारखे आणि लिहिल्यावर दोन्हीही बरोबर दिसणारे शब्द. स्पेलचेक अशा ठिकाणी गप्प बसतो, कारण शब्द खरा असतो, फक्त त्या जागचा नसतो.

या चुका एकाच जातीच्या नाहीत हे लक्षात यायला वेळ लागला. काही शब्द कुणाच्याही कानाला सारखेच लागतात, अमेरिकन माणसाच्याही. ‘ई’ असलेला इलिअम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ असलेला इलिअम म्हणजे कंबरेचं हाड. उच्चार एकच. तसाच फुप्फुसाच्या आवरणाचा प्लुरल आणि व्याकरणातला अनेकवचनी प्लुरल. चालण्याची ढब म्हणजे गेट आणि फाटक म्हणजे गेट. टाच आणि बरं होणं, दोन्ही हील. इथे संदर्भ भक्कम असतो. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात कंबरेचं हाड येत नाही आणि बोन मॅरोचा नमुना आतड्यातून घेत नाहीत. अर्थ कळलेला असतो, चुकतं ते स्पेलिंग.

दुसऱ्या जातीचे शब्द अमेरिकन कानाला वेगळे आणि आपल्या कानाला एक. आपण डब्ल्यू आणि व्ही दोन्हींना ‘व’ म्हणतो. म्हणून लक्षणं कमीजास्त होत राहतात या अर्थाचा ‘वॅक्स अँड वेन’ हा वाक्प्रयोग एका रिपोर्टात शीर या अर्थाच्या वेनचं स्पेलिंग घेऊन गेला होता. खोकला आणि बाहीची पट्टी, दोन्हींना आपण कफच म्हणतो, कारण कफ सिरप घरोघरी आहे आणि कफ हा शब्द तर मराठीत आधीपासूनच छातीत बसलेला. ऑर्थोपेडिकच्या एका नव्या मुलीने खांद्याच्या रोटेटर कफला खोकल्याचं स्पेलिंग दिलं होतं. आता टेलिव्हिजन हा शब्द म्हणून पाहा. त्यातला ‘ज’ आपण जीवमधल्या ‘ज’सारखाच म्हणतो, इंग्रजीत तो आवाज वेगळा आहे. डिस्फेजिया आणि डिस्फेझिया यांत फरक दाखवणारा आवाज नेमका हाच. मराठीत तो नसल्याने कानाने तो कधी वेगळा काढून ठेवलेलाच नाही.

तिसऱ्या जातीत आवाज वेगळे असतात, पण वेगात गिळले जातात. हायपो आणि हायपर, फिफ्टीन आणि फिफ्टी, अवयव शरीरापासून दूर नेणारं ॲबडक्शन आणि जवळ आणणारं ॲडक्शन.

शाळेत जे शिकवतात ते फक्त पहिल्या जातीचं. वह्यापेन्सिलींच्या स्टेशनरीत ‘ई’, थांबलेल्या स्टेशनरीत ‘ए’, मुद्दल आणि मुख्याध्यापक यांचा प्रिन्सिपल वेगळा, तत्त्वाचा वेगळा. या सगळ्यात माणसाला अर्थ ठाऊक असतो आणि स्पेलिंग आठवायचं असतं. ताईंची अडचण उलटी होती. दोन्ही स्पेलिंगं पाठ, दोन्ही अर्थ पाठ, प्रश्न एवढाच की समोरचा माणूस यातलं काय म्हणाला.

पर्याय

बैठकीत पहिला पर्याय आला तो ताईंना न्यूरॉलॉजीवरून काढून परत ऑर्थोपेडिकवर पाठवण्याचा. क्लायंट लगेच शांत झाला असता. पण सापळे तिथेही आहेत. पायाच्या बाहेरच्या बाजूची पेरोनिअल नर्व्ह आणि जांघांमधला पेरिनिअल भाग, ही जोडी ऑर्थोपेडिकमधलीच. शिवाय ताईंच्या जागी येणाऱ्या माणसाचा कानही मराठीच असणार होता.

दुसरा पर्याय ट्रेनिंग विभागाकडे तयारच होता, गोंधळात टाकणाऱ्या शब्दांची लांबलचक यादी वाटायची आणि परीक्षा घ्यायची. मी ती यादी चाळली. त्यात वाळवंट आणि जेवणानंतरचा गोड पदार्थ होते, हवामानाचा ‘वेदर’ होता, मांस आणि भेटणं यांचे ‘मीट’ होते. कफ नव्हता, वेन नव्हता. यादी इंग्रजी कानाने केलेली होती. ताई त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतील आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होईल, असं मी म्हटलं. ते ट्रेनिंगवाल्यांना आवडलं नाही.

या अकाउंटचा प्रत्येक रिपोर्ट क्यूएतून पाठवायचा, हा तिसरा पर्याय. सुरक्षित, पण टॅट, म्हणजे रिपोर्ट परत पाठवायची ठरलेली वेळ, पाळता आला नसता आणि क्यूएतले कानही तेच. हे बघायला आम्ही एक साधा प्रयोग केला. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फाइल्समधून फक्त हा एक शब्द कापून काढला, ड्राफ्ट दाखवला नाही, मागचंपुढचं वाक्य ऐकवलं नाही आणि टीममधल्या प्रत्येकाला ‘जी’ की ‘एस’ विचारलं. क्यूएतल्या जुन्याजाणत्यांसह बहुतेकांचं उत्तर म्हणजे छापा-काटाच निघाला. बैठकीचा सूर त्यानंतर बदलला. तोवर ताईंचं प्रकरण चाललं होतं, मग ऑफिसचं सुरू झालं.

सॉफ्टवेअर सुधारण्याचा पर्याय पुरवठादाराच्या हातात, तिथे तिकीट टाकून वाट बघायची. राहिला ब्लँकचा नियम. निवडक जोड्यांसाठी ब्लँक सोडला तर तो मोजायचा नाही, अशी सूचना मी मांडली. ऑपरेशन्सच्या मॅनेजरांचा आक्षेप चुकीचा नव्हता: एकदा मुभा दिली की लोक कंटाळा आला तरी ब्लँक सोडतील आणि क्यूएवर ढीग पडेल. शेवटी तडजोड झाली. मुभा फक्त यादीतल्या जोड्यांना आणि ब्लँकसोबत आपण कुठल्या दोन शब्दांत अडकलो ते लिहायचं. एवढं टंकायचं म्हटलं की आळशी ब्लँक आपोआप कमी होतो.

काय केलं

यादी नव्याने केली, ऑडिटमध्ये खरोखर सापडलेल्या चुकांची. छोटी ठेवली. शब्दांचे अर्थ त्यात लिहिलेच नाहीत, कारण अर्थ सगळ्यांना येत होते. प्रत्येक शब्दासमोर त्याचे शेजारी लिहिले, रिपोर्टात त्याच्या आसपास हटकून येणारे शब्द. ‘जी’च्या डिस्फेजियाचे शेजारी: बेरियमची तपासणी, दाट पातळ पदार्थ, ठसका, नाकातली नळी. ‘एस’च्या डिस्फेझियाचे: वस्तूंची नावं, शब्द न सुचणं, आकलन, वाचन-लेखन. आणि खाली ठळक अक्षरांत, हे शेजारी दोघांचेही आहेत, यांच्यावर विसंबू नका: स्पीच थेरपी, स्ट्रोक, उजवी बाजू. माझ्या मते सगळ्या कागदात कामाची ओळ ती शेवटची. पुरावा कोणता, हे कुणीही सांगतं; पुराव्यासारखं दिसणारं पण निकाल न देणारं काय, ते सांगणं जास्त गरजेचं होतं.

पेरोनिअलसमोर लिहिलं: पाऊल लोंबणं, घोटा, फिब्युला हाड. पेरिनिअलसमोर: बाळंतपण, मूळव्याध, टाके. मानसोपचाराच्या रिपोर्टात चेहऱ्यावरच्या भावनांना ‘ए’ने सुरू होणारा अफेक्ट म्हणतात आणि तिथे तो नाम असतो. अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम, असं शाळेत घोकलेल्या एकाने तो ‘सुधारून’ इफेक्ट केला होता. त्या नोंदीपुढे फक्त ‘घोकलेलं विसरा’ एवढंच लिहिलं.

दुसरा बदल कामाच्या क्रमात केला. न्यूरॉलॉजीची समरी उघडली की ड्राफ्टचा शेवट, म्हणजे आहार, सूचना आणि पुढच्या भेटी, आधी नजरेखालून घालायचा, मग वरून ऐकायला लागायचं. जुन्या लोकांनी कुरकुर केली. ताईंनी मात्र ही सवय लगेच उचलली, आणि त्यांनीच स्वतःसाठी एक खूण काढली जी नंतर सगळ्या फ्लोअरवर चालली: ‘जी’ म्हणजे गिळणं, ‘एस’ म्हणजे संभाषण. ‘जी-वाला’, ‘एस-वाला’ हे ऑफिसात रूढच झालं. पेरोनिअलमधला ‘ओ’ म्हणजे पोटरीतला ‘पो’, हीसुद्धा त्यांचीच. अशी खूण कोणता शब्द उच्चारला गेला ते सांगत नाही, हे ताईंना पक्कं माहीत होतं. ती उपयोगी पडते ती निर्णय झाल्यावर, बोटं चुकीच्या कीवर जाऊ नयेत म्हणून.

आयटीतल्या एका मुलाने वर्डमध्ये मॅक्रो करून दिला. यादीतला कुठलाही शब्द ड्राफ्टमध्ये आला की तो पिवळा दिसायचा.

क्लायंटशी बोलणं सगळ्यात शेवटी झालं. आमची मागणी साधी होती: डॉक्टरांनी हे शब्द बोलताना थोडी मदत करावी. विनवणीपेक्षा उदाहरणं द्यायची असं ठरवलं आणि ती वैद्यकाच्या जगात भरपूर आहेत. ओमेप्राझोल हे आम्लपित्ताचं औषध अमेरिकेत आधी लोसेक नावाने आलं. लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सशी त्याचा गोंधळ होऊ लागला म्हणून १९९० साली नाव बदलून प्रिलोसेक केलं. तिथल्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये सारख्या वाटणाऱ्या नावांची वेगळी अक्षरं कॅपिटलमध्ये छापायला सुचवलं. काही अंतरावरून आपल्याला हेवा वाटावा अशी सोय, देवनागरीत कॅपिटलच नाहीत! कितीतरी डॉक्टर स्वतःहून ‘ए-बी-डक्शन’ आणि ‘ए-डी-डक्शन’ असं फोडून म्हणतात आणि डोस पंधरा असेल तर ‘वन फाइव्ह’ असं सुटं सांगतात. डिस्फेझियाच्या बाबतीत तर रस्ता आधीच झालेला आहे: ‘जी-वाल्या’शी गोंधळ नको म्हणून बरेच तज्ज्ञ आता त्याऐवजी अफेझिया म्हणतात. आपल्या डॉक्टरांनीही तेच म्हणावं, एवढंच मागितलं.

परिणाम

क्लायंट टिकला. डॉक्टरांपैकी काहींनी अफेझिया म्हणायला सुरुवात केली. तक्रार करणारे डॉक्टर पहिल्यासारखेच बोलत राहिले, पण एक केलं: गिळण्याचा त्रास असेल तर त्याच वाक्यात ‘स्वॉलोइंग’ हा शब्द टाकू लागले. आम्हाला तेवढा पुरतो.

ताई न्यूरॉलॉजीवरच राहिल्या. पुढच्या ऑडिटमध्ये यादीतल्या जोड्यांच्या चुका त्यांच्या फाइल्समध्ये जवळजवळ दिसल्या नाहीत. ब्लँक सुरुवातीला चांगलेच वाढले, मॅनेजरांनी दोनदा तक्रार केली, मग ओसरले. शेजारी शब्दांची सवय झाली की ब्लँकची गरज कमी लागते, असा माझा अंदाज आहे.

मॅक्रोने मात्र एक नवी पीडा आणली. पिवळा शब्द दिसला की लोक थांबून विचार करत, आणि पिवळा नसेल तर विचार न करता पुढे जात. एका रिपोर्टात रक्तदाब नव्वदच्याही खाली लिहिलेला आणि त्याच वाक्यात पेशंट ‘हायपरटेन्सिव्ह’ असल्याचा उल्लेख, असं क्यूएत सापडलं. हायपो-हायपर यादीत नव्हतं, कारण ‘हे कुणाला कळत नाही?’ असं म्हणून आम्ही ते गाळलं होतं. जोडी यादीत घातली. पण अशा जोड्या घालत गेलं तर अख्खा रिपोर्ट पिवळा होईल, त्यामुळे आता एक घातली की एक काढायची असा नियम आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. तक्रार आली त्याच दिवशी ताईंचा स्कोअर कापला गेला आणि फाईल नीट ऐकणं त्यानंतर झालं. शब्द कापून ऐकवण्याचा प्रयोग पहिल्या बैठकीआधी केला असता तर ‘सीनियर असून’ हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालंच नसतं. कापलेले गुण नंतर परत दिले, पण तो महिना ताईंनी ज्या तोंडाने काढला तो काढलाच.

क्लायंटकडे आधी जायला हवं होतं. शब्द बोलणाऱ्याला तो बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं. आपल्याकडे मात्र परदेशी क्लायंटला काही सुचवायचं म्हणजे आपली कमजोरी कबूल करणं, असा समज पक्का बसलेला आहे. पत्र पाठवायचं की नाही यावर जितकी चर्चा झाली, त्याच्या निम्म्या वेळात तिकडून होकार आला.

नवीन अकाउंट देताना त्या शाखेतल्या सापळ्यांची यादी आधी हातात द्यायला हवी. आता देतो. कार्डिओलॉजीची तयार आहे, पोटाच्या विकारांची अर्धवट आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती म्हणजे पैशांची. शेवट आधी वाचा, मग वरून ऐका, अडलं तर दोन शब्द लिहून ब्लँक सोडा, या सगळ्याला मिनिटं लागतात आणि ओळीच्या दरात ती मिनिटं कुठेच धरलेली नाहीत. न्यूरॉलॉजीच्या ओळीला थोडा जास्त दर द्यावा, असा प्रस्ताव क्वालिटीकडून गेला आहे. ऑपरेशन्सचं म्हणणं की मग प्रत्येक अकाउंट तेच मागेल. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत तो विषय पुन्हा आहे, आणि या वेळी ताईंनाही बोलवावं असं मी कळवलं आहे.